दुधी आणि लाल भोपळा : अजून खाण्याजोगा आहे की नाही, कशावरून ठरवायचं?

मीठमोहरी

घरात दोन वस्तू पडून आहेत आणि दोन्हींचं काय करावं ते ठरत नाहीये.

एक म्हणजे दुधी. साधारण पाऊण किलोचा, आठवड्यापूर्वी आणलेला, फ्रीजमधल्या भाजीच्या ट्रेमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. देठाकडची बाजू घट्ट आहे. फुलाकडचं टोक मात्र दोन-तीन बोटं दाबलं की दबतंय, आणि सालीवर नखाएवढे पाणीदार, जरा खोलगट डाग आलेत. वास कसलाच नाही.

दुसरी लाल भोपळ्याची अर्ध्या किलोची फोड. बिया आणि जाळी तशीच आहे, चार दिवस फ्रीजमध्ये उघडीच होती. कापलेल्या बाजूवर पांढुरकी झाक आलीय आणि जाळीला हात लावला की बुळबुळीत लागतंय.

सगळंच टाकायचं, की खराब भाग काढून उरलेलं वापरायचं? शिवाय कडू दुधी विषारी असतो म्हणतात, ते कितपत खरं? सासऱ्यांना रोज सकाळी दुधीचा रस लागतो, त्यामुळे नीट कळलेलं बरं.

विळी

आधी दुधीचं बघू. ते पाणीदार खोलगट डाग थंडीमुळे पडलेत. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं या सगळ्या उष्ण हवेतल्या वेलभाज्या. त्यांना १० अंशांच्या आसपासचा गारवा मानवतो, आणि घरचा फ्रीज असतो ४-५ अंशांवर. तिथे काही दिवस गेले की सालीखालच्या पेशी दुखावतात, पाणी सुटतं आणि साल आत बसते. डाग पडला म्हणजे दुधी सडला असं नाही, पण तिथली साल कमजोर झालेली असते, म्हणून बुरशी आणि कुज शिरते ती तिथूनच. असा दुधी फ्रीजबाहेर काढून ठेवला तर आणखी झपाट्याने बिघडतो. तेव्हा जे काय करायचं ते आजच करा.

दुधी धुवून पुसून घ्या आणि मधोमध आडवा कापा. गर पांढरा किंवा फिकट पोपटी, घट्ट आणि ओलसर असेल, वास काकडीच्या अंगाने जाणारा, कोवळा असेल, तर देठाकडचा अर्धा भाग चांगला. आता दुसऱ्या अर्ध्याच्या मऊ टोकाकडे बोटभर जाडीच्या चकत्या करत जा. एखाद्या चकतीत गर अर्धपारदर्शक दिसला, त्यातून पाणी पाझरायला लागलं, की तिथून पुढचं सगळं टाका. तिच्या अलीकडची एक चकतीही सोडून द्या, कारण कुज डोळ्यांना दिसते त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. मग सुरी आणि पाट धुऊनच उरलेलं चिरा.

मऊपणा मधल्या गरातून देठापर्यंत पोचला असेल, फळाचा तिसरा हिस्सा मऊ पडला असेल, किंवा आंबूस वास येत असेल, तर कापाकापी करत बसू नका. सरळ टाका.

जून दुधी आणि खराब दुधी यांत पुष्कळांची गल्लत होते, म्हणून तेही सांगते. कोवळ्या दुधीच्या सालीवर बारीक लव असते, साल नखाने सहज खरवडते, बिया पांढऱ्या आणि इतक्या मऊ की भाजीत कळतही नाहीत. जून झाला की लव जाते, साल गुळगुळीत आणि कडक होते, बियांना टणक कवच येतं आणि मधला गर भुसभुशीत होतो. असा दुधी खायला काही हरकत नाही. साल जाडसर काढा, बिया आणि मधला भुसभुशीत भाग चमच्याने काढून टाका, बाकीचा किसून थालिपिठात किंवा कोफ्त्यात घाला, नाहीतर चणाडाळीबरोबर शिजवा. फक्त तो हलक्या आचेवर जास्त वेळ शिजवावा लागतो.

किसलेला किंवा चिरलेला दुधी थोड्या वेळात काळपट पडतो, तोही खराब झाला म्हणून नव्हे. हवा लागून रंग बदलतो, एवढंच. चिरल्या-चिरल्या पाण्यात टाकला तर पडत नाही. हलव्यासाठी किसत असाल तर लगेच तुपावर घ्या.

आता भोपळ्याची फोड. पांढुरकी झाक दोन प्रकारची असते. ओलं बोट फिरवल्यावर नाहीशी झाली आणि खालून केशरी रंग वर आला, तर वरचा थर नुसता वाळला आहे. पातळ काप काढून टाकला की झालं. पण ती कापसासारखी फुललेली असेल, किंवा तिच्यात करडे, हिरवे, काळे ठिपके असतील, तर बुरशी. कापलेल्या ओल्या फोडीवर बुरशी दिसली तर पूर्ण फोड टाकायची. ओल्या गरात तिचे धागे किती खोल गेलेत ते वरून कळत नाही. अख्ख्या, न कापलेल्या भोपळ्याच्या कडक सालीवर एखादा छोटा डाग असेल तर वेगळं. तिथे चहूबाजूंनी आणि खोलीलाही किमान अडीच सेंटिमीटर कापून काढा. खालचा गर टणक आणि स्वच्छ असेल तर बाकीचा भोपळा वापरता येतो.

बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणू वाढले. ते आधी जाळीत वाढतात, कारण तिथे ओल आणि साखर दोन्ही जास्त. नुसती जाळीच बुळबुळीत असेल तर ती बियांसकट चमच्याने खरवडून काढा आणि खालचा एक सेंटिमीटर गरही काढा. मग गराला स्वच्छ बोट लावून बघा. घट्ट, कोरडा, चकचकीत केशरी आणि किंचित गोडसर वासाचा असेल तर आजच्या आज पूर्ण शिजवून वापरा, कच्च्या कोशिंबिरीत नको. गरही चिकट लागला किंवा दारूसारखा वास आला तर टाका. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्क माणूस असेल तर जाळी बुळबुळीत दिसल्यावरच टाकून मोकळं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाव-अर्धा किलो भोपळ्यापायी कुणाचं पोट बिघडायला नको.

पुढच्या वेळी फोड आणल्याबरोबर बिया-जाळी पूर्ण काढा, गर कोरड्या फडक्याने टिपा आणि फोड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे चार-पाच दिवस छान राहते. आणि फोड आपल्यासमोर नव्याने कापून घ्यायची. सकाळपासून गाडीवर उन्हात, धुळीत, माश्यांत असलेली आयती फोड घेऊ नये.

अन्नरसायन

विळी यांनी खराब दुधीचं नीट सांगितलंच आहे. कडू दुधीचा प्रश्न मात्र पूर्ण वेगळा आहे आणि जास्त गंभीर आहे.

आज सकाळी वेलावरून उतरवलेला, लव असलेला, कोवळा लुसलुशीत दुधीसुद्धा कडू निघू शकतो. रंगावरून, आकारावरून, वासावरून तो ओळखता येत नाही. कळतो तो फक्त चवीवरून. भोपळ्याच्या कुळातल्या वनस्पती कीड आणि जनावरांपासून बचावासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. लागवडीच्या वाणांत माणसाने निवडून-निवडून ती अगदी कमी केलेली असतात. ज्या फळात ती पुन्हा वाढतात ते फळ कडू लागतं आणि विषारी असतं. तेव्हा तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मळमळ, जोराच्या उलट्या, जुलाब, पोटात कळा इथून सुरुवात होते. प्रमाण जास्त असेल तर उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब एकदम खाली जातो. भारतात यातून मृत्यू झालेले आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने या प्रकरणांचा अभ्यास केला, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला तिचा सल्ला असा आहे : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर टाकून द्या, दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका, आणि रस प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं, मळमळ-उलटी-जुलाब झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. यावर ठरावीक उतारा नाही. सलाइन देणं, रक्तदाब सांभाळणं, पोट जपणं एवढेच उपचार असतात, म्हणून वेळ घालवायचा नाही.

शिजवल्याने हे द्रव्य जात नाही. मीठ लावून पिळून काढा, गूळ घाला, चिंच घाला, चव झाकली जाईल पण विष तसंच राहील. जर्मनीत २०१५ साली शेजाऱ्याच्या बागेतल्या कडू झुकिनीची (भोपळ्याच्या कुळातल्या, काकडीसारख्या दिसणाऱ्या भाजीची) शिजवलेली भाजी खाऊन एका वृद्ध माणसाचा मृत्यू झाला होता.

रसात धोका जास्त, कारण भाजीचा पहिला घास कडू लागला की माणूस थांबतो. पेलाभर रसात मात्र मोठा दुधी कच्चाच्या कच्चा, दोन घोटांत पोटात जातो. त्यात आलं, पुदिना, आवळा किंवा कारल्याचा रस घातला की कडवटपणाची सूचनाही मिळत नाही. वर 'कडू ते औषधी' ही समजूत. कारल्याची कडू चव वेगळ्या द्रव्यांची असते, तो न्याय दुधीला लावू नका.

चाखायची रीत सांगतो. प्रत्येक दुधी वेगळा चाखायचा, एक गोड निघाला म्हणून त्याच ढिगातला दुसरा गोड असेल असं नाही. देठाजवळून, मधून आणि फुलाकडच्या टोकातून वाटाण्याएवढा एकेक तुकडा घ्या. समोरच्या दातांनी चावा, जिभेवर चार-पाच सेकंद घोळवा आणि थुंका. गिळू नका. चांगला दुधी जवळजवळ बेचव, किंचित गोडसर लागतो. कडू असेल तर लगेच कळतं आणि चव जिभेवर रेंगाळते. एकाही तुकड्यात कडवटपणा लागला तर अख्खा दुधी बाद, कडू टोक कापून बाकीचा वापरायचा नाही. खळखळून चूळ भरा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून : सासऱ्यांना चाखायला लावू नका. वयाबरोबर चव मंदावते, काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. घरातल्या तरुण माणसाने चाखावं, आणि रस काढल्यावर पेला हातात देण्याआधी त्याचाही एक थेंब जिभेवर घेऊन बघावा. एरवी रोज पिणाऱ्या माणसालाही एखाद्या दिवशी रस कडू लागला तर वाया जाईल म्हणून संपवायचा नाही, तिथेच थुंकून ओतून द्यायचा.

हाच नियम दोडका, घोसाळं, काकडी आणि झुकिनीला. काकडीचं टोक कापून घासायची पद्धत घरोघरी आहे, पण घासल्याने आतला कडवटपणा निघत नाही. काकडीत तो बहुधा देठाकडे जास्त असतो, त्यामुळे खरा उपयोग होतो तो देठाकडचा भाग कापून टाकल्याचा. नंतर उरलेली चाखायचीच.

मांडव

दुधी कडू का होतो ते शेताच्या बाजूने सांगतो, म्हणजे कुठला दुधी घेताना जास्त सावध राहायचं ते कळेल.

पहिलं कारण बियाणं. दुधीचं परागीभवन माश्या आणि पतंग करतात. जवळपास कडू जातीचा भोपळा असेल तर त्याचा पराग येऊन संकर होतो. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडे जे मोठे भोपळे पिकवतात आणि मिरजेला नेतात, तेही दुधीच्याच जातकुळीतले. संकर झाला त्या वर्षी फळ गोडच लागतं, कारण फळाचा गर आईच्या वेलाचा असतो. त्या फळातलं बी ठेवून पुढच्या हंगामात लावलं की वेल कडू निघतो. म्हणून खतखड्ड्यावर, उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचा दुधी, किंवा कुणी घरचं बी म्हणून दिलेल्या वेलाचा दुधी जास्त काळजीने चाखावा. असा वेल कडू निघाला तर त्याची सगळी फळं कडू असतात. एक-दोन फळं बघून वेल उपटून टाका, बी ठेवू नका, आणि ती फळं गुरांपुढेही टाकू नका, त्यांनाही बाधतात.

दुसरं कारण ताण. कडक ऊन, पाण्याची ओढ, मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की चांगल्या वाणातही एखाददुसरं फळ कडू येतं. उन्हाळी दुधी घेताना हे ध्यानात ठेवा.

फळ धरल्यापासून साधारण १२ ते १५ दिवसांत दुधी काढणीला येतो, त्यानंतर जून व्हायला लागतो. मंडईत निवडताना आकाराच्या मानाने जड, एकसारखा फिका हिरवा आणि देठ ताजा हिरवा असलेला घ्या. देठ सुकून तपकिरी झाला असेल तर काढणीला बरेच दिवस झालेत. आणि एक विनंती, नख रोवून बघू नका. गिऱ्हाइकं दिवसभर नखं मारत असतात, प्रत्येक चंद्रकोरीएवढा व्रण संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो आणि तिथून पाणी सुटायला लागतं. तुमच्या दुधीच्या मऊ टोकावर असे व्रण आहेत का ते बघा. कोवळेपणा बघायचा असेल तर लव बघा, अंगठ्याने हलकेच दाबा, पुरे.

फळमाशीचंही सांगतो. सालीवर टाचणीएवढं छिद्र, त्यावर वाळलेल्या डिंकाचा तपकिरी थेंब आणि तिथे फळ आत ओढलेलं किंवा वाकडं, अशी खूण दिसली तर आत अळ्या असू शकतात. कापून बघा. अळ्या किंवा तपकिरी भुयारं दिसली तर सगळं फळ टाका. नुसता वाकडा दुधी मात्र चांगला असू शकतो, परागीभवन अपुरं झालं तरी फळ वाकतं.

अख्खा लाल भोपळा घेत असाल तर देठ शाबूत आणि लाकडासारखा वाळलेला हवा, साल नखाला दाद न देणारी हवी. देठ निखळलेला भोपळा त्या खळग्यातून सडतो. जमिनीवर ठेवू नका, फळीवर किंवा गवतावर एकमेकांना न लागता ठेवा. कोकणात भोपळे, तवशी (मोठ्या काकड्या) दोरीने बांधून आढ्याला टांगतात ते याचसाठी, सगळीकडून वारा लागतो आणि खालून ओल धरत नाही. कोरड्या हवेत दोन-तीन महिने आरामात टिकतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बूड आणि देठाची जागा दाबून बघावी.

न्यूजर्सीकर

परदेशात दुधी नेहमी मिळत नाही, तिथल्या मंडळींसाठी थोडं. बटरनट स्क्वॉश आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीचा आहे, घारगे आणि भरीत त्याचं उत्तम होतं. अख्खा असेल तर फ्रीजमध्ये नको. १० ते १३ अंश आणि कोरडी जागा मिळाली तर दोन-तीन महिने राहतो, थंडीत तळघर किंवा बंद गॅरेज चालतं, फक्त गोठू द्यायचा नाही. झुकिनीची साल पातळ, ती फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावी.

सोलून चिरलेल्या तुकड्यांची पिशवी घेताना ती उलटी करून बघा. तळाशी पाणी साचलेलं असेल किंवा तुकडे एकमेकांना चिकटून ओढले जात असतील तर घेऊ नका. बटरनट कापल्यावर गरावर येणारे चिकट थेंब आणि बोटांवर बसणारा घट्ट पापुद्रा मात्र चिकाचा असतो, त्याचा खराब होण्याशी संबंध नाही. हाताला तेल लावून सोला. आतल्या बियांना मोड आलेले दिसले तरी गर घट्ट आणि कडू नसेल तर खाता येतो, फक्त जरा रेषाळ असतो.

शरद ऋतूत दुकानांत शोभेचे छोटे रंगीत भोपळे येतात ते खायचे नाहीत, आणि बागेत झुकिनी लावून तिचं बी धरत असाल तर जवळ लावायचेही नाहीत. दोघांचा संकर होतो.

मीठमोहरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दुधी कापला. मधला भाग पांढरा आणि घट्ट आहे, बिया किंचित कडक व्हायला लागल्यात. टोकाकडच्या तीन चकत्या पाणी सुटलेल्या होत्या आणि तिथे नखांचे दोन व्रण होतेच. तिन्ही ठिकाणचे तुकडे चाखले, कडू अजिबात नाही. भोपळ्याच्या जाळीखालचा गर घट्ट आहे, पण एका कोपऱ्यात करडी लव दिसतेय.

आता उरलेल्या चांगल्या दुधीचा उद्या सकाळी रस केला तर चालेल का? आणि रस रात्रीच काढून फ्रीजमध्ये ठेवलेला चालतो का?

विळी

करडी लव म्हणजे बुरशी. फोड पूर्ण टाका. कोपरा कापून वापरू नका, आणि ज्या ट्रेमध्ये ती होती तो साबणाने धुऊन वाळवा, नाहीतर पुढच्या भाजीला लागेल.

या दुधीचा रस नको. एका टोकाला कुज लागलेलं फळ कच्चं द्यायचं नाही, विशेषतः वयस्क माणसाला. आजच चणाडाळ घालून भाजी करा. उरलाच तर कापलेल्या तोंडाला कागद गुंडाळून डब्यात ठेवा आणि उद्या वरची एक चकती काढून शिजवून संपवा.

अन्नरसायन

रस रात्री काढून ठेवू नका. दुधीच्या रसात जिवाणू वाढू नयेत इतका आंबटपणा नसतो. तो काढल्यावर लगेच प्यायचा, आणि चिरलेला दुधीसुद्धा बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायचा नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासभरच.

रसासाठी दुधी दोन-तीन दिवसांपुरताच आणावा. तो लहान, पाव ते अर्धा किलोचा असावा, म्हणजे एका वेळी पूर्ण संपतो. तो फ्रीजच्या तळाच्या ट्रेमध्ये कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको, तिच्यात बाष्प साचतं. बाहेर हवा गार असेल तर स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवला तरी दोन दिवस उत्तम राहतो. आणि सासऱ्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रोजच्या रसाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा.